निळ्या टोपणाची नळी रेषेपर्यंत भरणारी लॅब

कोल्हापुरात राजारामपुरीतली ही लॅब पहिल्या मजल्यावर आहे. खाली औषधाचं दुकान, बाजूनं अरुंद जिना. बोर्ड लहान, बसायला चार-सहा खुर्च्या, एसी नाही. तरीही ज्याला रक्त साकळू नये म्हणून रोज असिट्रॉम किंवा वॉरफरिनची गोळी घ्यावी लागते अशा प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी हीच लॅब सांगतो. का सांगतो ते सविस्तर लिहितोय. आयएनआर म्हणजे रक्त किती उशिरा साकळतं ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितकं उशिरा. त्याच्यासाठी लॅब कशी निवडायची हे मला झडपेच्या ऑपरेशननंतर कुणीही सांगितलं नव्हतं, आणि ही गोष्ट आमच्यासारख्यांच्या जिवाशी खेळणारी आहे.

माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-बोरिंग करून देतो. लहानपणी घसा धरून ताप यायचा, सांधे सुजायचे. गावाकडं त्याला कोण फारसं मनावर घेत नव्हतं. त्याच सांधेतापानं हृदयाची मायट्रल झडप खराब केली आणि पुढं ती काढून यांत्रिक झडप बसवावी लागली. झडप उत्तम चालते. पण रक्ताला ती परकी वाटते. तिच्या कडेला रक्त साकळायला लागलं तर एक तर झडपेची पाकळी अडकते, नाही तर गुठळी सुटून मेंदूत जाते आणि माणूस अर्ध्या अंगानं पडतो. म्हणून जन्मभर गोळी. माझ्या डॉक्टरांनी मला आयएनआर अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायला सांगितलाय. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. ज्याची महाधमनीची झडप बदललीय त्याची पट्टी बहुतेक वेळा दोन ते तीन अशी असते, त्यामुळं शेजाऱ्याचा आकडा बघून आपला ठरवू नये.

लेथवर बोट कापणं आम्हाला नवीन नाही. बोट कापलं की आधी रक्तवाहिनी आवळते. मग प्लेटलेट येऊन कापलेल्या जागी चिकटतात आणि एकमेकींना धरतात. तेवढ्यानं तात्पुरतं बूच बसतं. खरा पक्का बांध नंतर होतो. रक्त साकळवणाऱ्या घटकांना नंबर दिलेले आहेत; जखमेतल्या पेशींवरचा टिश्यू फॅक्टर रक्तातल्या सातव्या घटकाला भेटतो, तिथून दहावा घटक जागा होतो, त्यातून थ्रॉम्बिन तयार होतं, आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करतं. शेवटी तेरावा घटक ते धागे एकमेकांत घट्ट गुंतवतो. हे सगळं मला या लॅबच्या मॅडमनी एका कागदावर पेनानं काढून दाखवलंय, रांगेत माणसं असताना. तो कागद मी कारखान्यात टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

यातले दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना कामाचं करायला व्हिटॅमिन के लागतं. आपली गोळी त्या व्हिटॅमिन केचा पुन्हापुन्हा होणारा वापर अडवते. म्हणून घटक तयार होतात पण अर्धवट, त्यांच्यानं काम होत नाही. आणि गोळी आज वाढवली म्हणून आकडा आजच हलत नाही, कारण आधी तयार झालेले चांगले घटक संपायला वेळ लागतो. सातवा काही तासांत कमी होतो, दुसऱ्याला दिवस लागतात. हे कळल्यापासून डोस बदलला की दुसऱ्याच सकाळी लॅब गाठायची घाई मी करत नाही, डॉक्टर सांगतील त्या दिवशी जातो.

आता लॅबकडं वळतो.

पहिली गोष्ट नळी. आयएनआरचं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात आधीपासून सोडियम सायट्रेटचं पाणी असतं, ३.२ टक्क्यांचं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियम नसलं की रक्त नळीत साकळत नाही, आणि मशीनवर तपासताना ते वरून परत घालता येतं. पण हे जमायला नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावं लागतं. दोन मिलीच्या नळीत ०.२ मिली सायट्रेट असतं आणि १.८ मिली रक्त यायला हवं. म्हणून नळीवर रेष असते. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं, तपासणीत घातलेलं कॅल्शियमही ते गिळून टाकतं, रक्त साकळायला जास्त वेळ लागतो आणि आयएनआर आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

हे मी पुस्तकी लिहीत नाही. आधी ज्या ठिकाणी जायचो तिथं (नाव घेत नाही) एकदा शीर नीट मिळाली नाही, नळी निम्मी भरली आणि मुलानं तीच आत पाठवली. संध्याकाळी रिपोर्ट आला ५.८. घरात सगळे हबकले. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, कुठं रक्त येतंय का, काळी शौच होतेय का, अंगावर निळे डाग आहेत का. काहीच नव्हतं. ते म्हणाले, गोळीला हात लावण्याआधी दुसऱ्या ठिकाणी लगेच परत तपासून घ्या. तसा मी पहिल्यांदा या लॅबमध्ये आलो. इथं आकडा आला २.९. म्हणजे पट्टीच्या बरोबर मधला. त्या चुकीच्या आकड्यावर गोळी बंद झाली असती तर दोन-चार दिवसांत झडपेवर रक्त साकळायचा धोका होता. अर्ध्या नळीच्या आळसातून माणसाला लकवा होऊ शकतो, एवढं या तपासणीत गांभीर्य आहे.

इथं रक्त घेणाऱ्या ताई नळी रेषेपर्यंत भरल्याशिवाय सुई काढत नाहीत. एकदा माझं रक्त मधेच थांबलं. त्यांनी ती नळी सरळ टाकून दिली आणि म्हणाल्या, "काका, राग मानू नका, दुसऱ्या हाताचं घेते. ही नळी पाठवली तर तुमचाच रिपोर्ट खोटा येईल." दंडाला पट्टा बांधला की शीर पटकन शोधतात, पट्टा तसाच आवळून गप्पा मारत नाहीत. जांभळ्या टोपणाची नळीही घ्यायची असेल तर निळी आधी भरतात, म्हणजे जांभळीतलं रसायन निळीत जात नाही. भरलेली नळी तीन-चार वेळा हळू उलटी-सुलटी करतात, खळाखळा हलवत नाहीत. आणि ती फ्रीजमध्ये टाकत नाहीत, गारठ्यानं सातवा घटक आपोआप जागा होऊ शकतो. इथंच मागच्या खोलीत मशीन आहे, त्यामुळं रक्त पुण्याला किंवा मुंबईला जात नाही. पंधरा मिनिटं फिरवून वरचा पिवळा प्लाझ्मा काढतात आणि सकाळीच लावतात.

दुसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त भावलेली, म्हणजे मोजमाप. तपासणीत प्लाझ्मा ३७ अंशाला ठेवून त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचं द्रव्य घालतात आणि किती सेकंदांत साकळतं ते बघतात. अमेरिकेतल्या आर्मंड क्विक यांनी १९३५ साली ही पद्धत मांडली. अडचण अशी की थ्रॉम्बोप्लास्टिन प्रत्येक कंपनीचं वेगळं, एकाच कंपनीची प्रत्येक बॅचही थोडी वेगळी. एकाच माणसाचं रक्त दोन लॅबमध्ये वेगळे सेकंद दाखवायचं. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं १९८३ मध्ये आयएनआरची पद्धत लागू केली. बॅचबॅचमधला हा फरक भरून काढायला प्रत्येक बॅचवर आयएसआय नावाचा एक अंक छापलेला असतो. पेशंटचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सरासरी सेकंद, आणि आलेल्या उत्तराचा आयएसआय एवढा घात, तो आयएनआर.

समजा माझे ३० सेकंद आले आणि निरोगी माणसाचे १२. भागाकार अडीच. आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.५. आयएसआय १.२ असेल तर त्याच तीस सेकंदांचा आयएनआर ३.०. म्हणजे लॅबनं नवीन बॅच उघडली आणि मशीनमध्ये जुनाच अंक राहिला, तर रक्त तेच असूनही आकडा ०.५ नं हलतो. आमच्याकडं मायक्रोमीटरचा झिरो न तपासता जॉब मोजला तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो, तसंच हे. फरक एवढाच की इथं लॉट म्हणजे माणसं.

मी मॅडमना विचारलं, तुमचा आयएसआय किती. मला वाटलं टाळतील. त्यांनी आतून बाटलीचा खोका आणून त्यावरचा अंक दाखवला, मशीनच्या पडद्यावर तोच अंक दाखवला, आणि बॅच कधी बदलली त्याची वही पुढं केली. म्हणाल्या, "मिस्त्री, हे विचारणारं माणूस क्वचित येतं. येऊन बसा." निरोगी माणसांचे सरासरी सेकंदही त्या खोक्यावरच्या कागदातून उचलत नाहीत. नवीन बॅच आली की निदान वीस निरोगी माणसांचं रक्त स्वतः तपासून सरासरी काढतात. एकदा माणसं कमी पडत होती तेव्हा माझ्या कारखान्यातली दोन पोरं मी पाठवली. कसलं औषध चालू नाही ना, आजारपण नाही ना, हे विचारून मगच त्यांचं घेतलं.

रिपोर्टवर सेकंद, सरासरी, आयएसआय आणि आयएनआर चारही छापलेले असतात. नुसता आयएनआर देणाऱ्या लॅबपेक्षा मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खाली आधीचे आकडेही येतात, त्यामुळं डॉक्टरांपुढं एक कागद ठेवला की चढ-उतार दिसतो.

तिसरी गोष्ट प्रश्न. ताई दर वेळी विचारतात: गोळी किती मिलिग्रॅमची, काल किती वाजता घेतली, मधे एखादी चुकली का, ताप-जुलाब झाले का, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. उत्तरं रिपोर्टवर जातात. एकदा दाताच्या दुखण्यावर मला मेट्रोनिडाझोल दिलं होतं. ताईंनी ते लिहून घेतलं आणि आत जाऊन मॅडमना सांगितलं. दुपारी मॅडमचा स्वतःचा फोन. "आयएनआर ४.६ आलाय. हिरडीतून, नाकातून काही येतंय का? डोकं दुखतंय का? आत्ता तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन लावा, संध्याकाळच्या गोळीआधी." त्यांनी स्वतः डोस सांगितला नाही, ते काम डॉक्टरांचं म्हणाल्या, आणि ते मला पटलं. रिपोर्ट व्हॉट्सअपवर टाकून मोकळं होणारे खूप आहेत. आकडा धोक्याचा असेल तर उचलून फोन करणारी लॅब मी ही एकच बघितली. म्हणूनच गोळी संध्याकाळी घ्यायला सांगतात: सकाळी रक्त, दुपारी आकडा, आणि काही बदलायचं असेल तर त्याच दिवशी बदलता येतं.

कुठल्या औषधांनी आकडा वाढतो ते त्यांनी मला सांगून ठेवलंय: मेट्रोनिडाझोल, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, सल्फाची काही औषधं, हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं अमिओडॅरोन. टीबीवरच्या रिफाम्पिसिननं उलट खाली येतो. अंगदुखीची डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आकड्यात कदाचित दिसणार नाहीत, पण पोटात रक्तस्राव करू शकतात. आमच्या उद्यमनगरात कंबर धरली की पोरगं पाठवून मेडिकलमधून गोळी आणायची सवय सगळ्यांना आहे. गोळीवरच्या माणसानं ती मोडावीच.

जेवणाचं मात्र बाहेर उगाच भय घालतात. मेथी बंद, पालक बंद, कोथिंबीर वेचून काढा. मॅडमचं सांगणं वेगळं: पालेभाजी खा, पण आठवड्याला साधारण तेवढीच खा. श्रावणात आमच्याकडं मटण बंद असतं, मग कपिलतीर्थ मार्केटमधून मेथी, शेपू, चाकवत, पोकळा असं रोज काही ना काही येतं. व्हिटॅमिन के वाढतं आणि माझा आकडा दोनच्या आसपास उतरतो. जुने रिपोर्ट शेजारी शेजारी लावल्यावर त्यांनीच हे दाखवून दिलं. आता बायको श्रावणातही पालेभाजीचे वार ठरवून ठेवते, मधल्या वारांना मटकी, वाटाणा, दुधी. तांबडा-पांढरा रस्सा खाण्यावर काही बंदी नाही, हेही विचारून घेतलंय, आमच्या गावात तो प्रश्न आधी येतो.

मॅडम आधी ग्रामीण रुग्णालयात होत्या. तिथल्या एका तपासणीबद्दल त्यांनी सांगितलं ते इथं लिहायलाच हवं, कारण आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडात घोणस चावणं काही दुर्मीळ नाही. घोणसीचं विष पाचवा आणि दहावा घटक एकदम पेटवतं. शरीरात सगळीकडं बारीक साकळणं सुरू होऊन फायब्रिनोजेन संपून जातं, आणि मग रक्त थांबायचंच बंद होतं. हे ओळखायला मोठं मशीन लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरपी करायची. रक्त पातळच वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, प्रतिविष लागणार. पण नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणानं धुतलेली असेल, तर उत्तर चुकतं. काचेच्या पृष्ठभागामुळंच तिथं साकळणं सुरू होतं. त्या नळ्या स्वतः निवडून वेगळ्या ठेवायच्या, म्हणाल्या. तेव्हा कळलं की निळ्या नळीबद्दल त्यांची एवढी कडक शिस्त कुठून आली.

बाहेर बाकावर बसलं की एक सल्ला हमखास ऐकू येतो: "नवीन गोळ्या निघाल्यात, तपासणीच लागत नाही, त्या घ्या." त्या गोळ्या खऱ्या आहेत. डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबॅन, अपिक्साबॅन. पायातल्या शिरेत गुठळी झालेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या कितीतरी लोकांना त्या चांगल्या चालतात. पण यांत्रिक झडपेला नाही. डॅबिगॅट्रानचा यांत्रिक झडपांवरचा प्रयोग मधेच थांबवावा लागला, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं: गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. सांधेतापानं आखडलेल्या झडपेच्या आणि ठोके अनियमित असलेल्या पेशंटमध्येही २०२२ च्या मोठ्या अभ्यासात जुनी गोळीच सरस ठरली. आपल्याकडं या तापाचे पेशंट बरेच, म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची. शेजारच्याच्या सांगण्यावरून कुणीही गोळी बदलू नये.

बोटाला टोचून एक थेंब घेणारं छोटं मशीनही इथं आहे. ज्यांची शीर सापडत नाही, किंवा गगनबावड्याकडून एसटीनं येऊन परत दुपारची गाडी पकडायची असते, त्यांना ते फार सोयीचं. दोन मिनिटांत आकडा. त्या मशीनमध्ये घालायची तपासणीची पट्टी महाग असल्यानं पैसे जास्त पडतात आणि ते आधी सांगतात. साडेचारच्या वर आकडा दाखवला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात, त्याचे वेगळे पैसे माझ्याकडून तरी मागितले नाहीत. घरी मशीन घ्यायचं असेल तर आधी इथल्या आकड्याशी ताडून घ्या असं त्या सांगतात.

आता कमी काय ते. नेहमीच्या तपासणीला ३५० रुपये घेतात, आसपास याहून स्वस्तात मिळते. मला ते पैसे योग्य वाटतात, पण महिन्याला एकदा-दोनदा देणाऱ्या गरिबाला जड जातात. नेहमीच्या पेशंटला काही सवलत ठेवावी ही विनंती. रिपोर्ट इंग्रजीत असतो. निदान "तुमची पट्टी अमुक ते अमुक, आजचा आकडा अमुक" एवढी ओळ मराठीत छापली तर गावाकडच्या आज्जीलाही समजेल. रविवारी बंद असते, त्यामुळं शनिवारी बारानंतर आयएनआर बिघडल्याची शंका आली तर मोठ्या हॉस्पिटलशिवाय इलाज नाही. डोक्याला मार लागला, रक्त थांबेना, बोलताना जीभ वळेना असं झालं तर मात्र कुठल्याच लॅबची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आणि तो जिना. झडपेचे पेशंट, धाप लागणारी म्हातारी माणसं, पायाला सूज आलेल्या बायका, हीच इथली गिऱ्हाइकं, आणि त्यांना एकवीस पायऱ्या चढाव्या लागतात, कठडा एकाच बाजूला. ताईंना खालून फोन केला तर त्या औषधाच्या दुकानात येऊन रक्त घेतात, मी दोनदा बघितलंय, पण हे कुठं लिहिलेलं नाही. तेवढी पाटी खाली लावा. दुसऱ्या बाजूच्या कठड्याचा पाइप मी कापून, वाकवून, वेल्डिंग करून द्यायला तयार आहे. मॅडमना तसं सांगितलंय, घरमालकाच्या होकाराची वाट बघतोय.